रुद्रला बघायला कोच येतात

शनिवारी सकाळी आमच्या रुद्रला बघायला अमेरिकेहून माणूस येणार होता आणि शुक्रवारी संध्याकाळी मी बाथरूमच्या फरश्या घासत होते. लग्नाच्या मुलीला बघायला येतात तेव्हा एक बरं असतं. काय बोलायचं आणि काय झाकायचं, हे आईबापांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतं. इथे आमचं एकोणीस वर्षांचं, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढं ध्यान सोफ्यावर आडवं पसरलं होतं आणि आम्हांला इंग्रजी विशेषणं शिकवत होतं.

"एक्सप्लोझिव्ह," रुद्र म्हणाला. "बाबा, म्हणून दाखवा."

"स्वतःच्या पोराला स्वतःच्या तोंडाने स्फोटक म्हणू?" हे म्हणाले. "चांगलं दिसतं का ते?"

"बरं, रिलेंटलेस."

"म्हणजे कुणाचं ऐकत नाही, असंच ना? ते मी सांगणारच आहे."

रुद्रने उशी तोंडावर दाबून घेतली. तो मराठी सगळं समजतो, पण बोलतो जर्मन. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा करार आहे. त्यावर कुणी सही केलेली नाही, तरी तो पाळला जातो. मी त्याचं बोलणं इथे मराठीतच सांगते, उगाच वाचणाऱ्याचे हाल नकोत.

आता हा माणूस कशाला येणार होता, ते सांगायला हवं. आम्ही कायझर्सलाउटर्नला राहतो. या गावात सोमवारी सकाळी बेकरीतसुद्धा शनिवारच्या फुटबॉलचं पोस्टमॉर्टेम चालतं. अशा गावात वाढून आमच्या चिरंजीवांना नेमका दुसराच फुटबॉल आवडला, अमेरिकन. आसपास अमेरिकन सैन्याचे तळ आहेत, त्यांच्या पोरांबरोबर हा तेराव्या वर्षी खेळायला गेला आणि तिथलाच झाला. या खेळात चेंडू लांबट असतो आणि पायापेक्षा अंग जास्त वापरायचं असतं. रुद्रची जागा एज रशरची. म्हणजे रांगेच्या टोकाला उभं राहायचं. चेंडू हलला, की समोरच्या रेड्याएवढ्या माणसाला चुकवायचं, नाहीच जमलं तर ढकलायचं, आणि मागे चेंडू घेऊन उभा असलेल्या मुलाने तो फेकायच्या आत त्याला जमिनीवर आडवं करायचं. हे काम करणारा माझा मुलगा घरात कोळी दिसला, की त्याच्यावर ग्लास पालथा घालतो, खालून कागद सरकवतो आणि बाल्कनीत नेऊन सोडतो. थंडी असेल तर जिन्यात सोडतो.

अमेरिकेत हा खेळ कॉलेजांत मोठा. तिथल्या मिडवेस्टमधल्या एका कॉलेजचे कोच ब्रॅनिगन जर्मनीत दोन मुलं बघायला आले होते. जागा एक. एक मुलगा आमचा, दुसरा र्युसेल्सहाइमचा. कोच आधी आमच्याकडे, मग दुपारी तिकडे जाणार होते आणि संध्याकाळपर्यंत दोघांतल्या एकाला होकार देणार होते. रुद्र इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मशिनेनबाउच्या, म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या, तिसऱ्या सेमेस्टरला आहे. या वर्षी जमलं तर जमलं. पुढच्या वर्षी वय जास्त झालं म्हणून कुणी विचारणार नाही, हे त्याला माहीत होतं. सहा वर्षं हा मुलगा अंधारात उठून पळायला जात होता, ते या एका शनिवारसाठी.

हे कोच आईवडिलांनाही मुलाबद्दल विचारतात, त्यामुळे त्या शनिवारचं सगळं आता यांच्या जिभेवर होतं, आणि खरी भीती तीच होती.

आमचे हे, म्हणजे चंद्रशेखर, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहेत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधले दोष शोधायचे, हे त्यांचं काम. दोष काढण्याचा छंद जन्मजात होता, पुढे त्याचा पगारही मिळू लागला. पण आपल्या मुलाच्या बाबतीत प्रश्न नुसत्या छंदाचा नव्हता, तिथे घराण्याची रीत आडवी येते. आपल्या पोराचं कौतुक आपण करायचं नाही. पोर शेफारतं, लोक हसतात आणि दृष्ट लागते ती वेगळीच. यांना जर्मनीत नोकरी लागली, तेव्हा माझे सासरे पुण्यात शेजाऱ्यांना म्हणाले होते, "इथे कुठे जमेना, म्हणून तिकडे चाललाय." आणि घरात येऊन त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती. साखर ठेवताना मी पाहिलं, यांनी नाही. यांनी फक्त ते वाक्य ऐकलं आणि वारसा म्हणून जपून ठेवलं.

मी किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, काम करते. तीन ते सहा वर्षांची मुलं आमच्याकडे असतात. आईबापांना बोलावून मुलाबद्दल सांगायचं असतं, तेव्हा आम्हांला शिकवलेलं आहे, की आधी चांगल्या गोष्टी, मग बाकीचं. एखाद्या मुलात चांगलं काहीच सापडत नसेल, तरी शोधायचं. 'खूप छान झोपतो' असंसुद्धा मी सांगितलेलं आहे. हे मी यांना शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला समजावलं.

"तुम्ही निदान गप्प बसा," मी म्हटलं. "मी बोलते."

"बापाने गप्प बसायचं? त्या माणसाला वाटेल, घरात काही भानगड आहे." यांनी आमटी ओरपली. "काळजी करू नकोस. मी खरं तेच सांगेन."

रुद्रने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत जी काकुळती होती, ती मी शेवटची पाहिली होती तेव्हा तो दात काढायला खुर्चीत बसला होता.

कोच ब्रॅनिगन वेळेवर आले. मान आणि डोकं यांच्यामध्ये जी सीमारेषा इतर माणसांना असते, ती त्यांना नव्हती. न सांगता त्यांनी बूट काढले, त्यामुळे मला ते लगेच आवडले. मी कोथिंबीर वड्या केल्या होत्या. तुर्की दुकानातून कोथिंबिरीच्या जुड्या आणल्या, तेव्हा दुकानदाराने लग्न आहे का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, तसंच काहीतरी. रुद्र खुर्चीच्या कडेवर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याने शर्ट घातला होता आणि केसांना पाणी लावलं होतं. मला एकदम त्याचा पोटभर पापा घ्यावासा वाटला, पण तो प्रसंग नव्हता.

"मैदानावरचं सगळं मला फिल्ममध्ये दिसतं," कोच इंग्रजीत म्हणाले. मांडीवर टॅबलेट होता, हातात त्याची लेखणी. "फिल्ममध्ये घर दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक मुलाच्या घरी जातो आणि आईवडिलांना दोनच प्रश्न विचारतो. सर, तुमच्या मुलाची बलस्थानं काय?"

हे खाकरले.

"तसं विशेष काही नाही," हे म्हणाले.

रुद्रने डोळे मिटले. कोच हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. मग हे हसत नाहीत असं पाहून तेही थांबले आणि म्हणाले, "ओके. मग कमजोर बाजू?"

यांचा चेहरा उजळला. अगदी खरं सांगते, उजळला. माणूस परीक्षेला बसावा आणि पाठ केलेलाच प्रश्न यावा, तसं झालं. यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हट्टी आहे," हे म्हणाले. "दार बंद असलं, की उघडतं का ते बघणार नाही, ढकलणार. बाथरूमच्या दाराची बिजागरी दोनदा बदलली. इमारतीची दुरुस्ती बघणारा आमचा हाउसमाइस्टर आता याच्याशी बोलत नाही."

कोचनी काहीतरी लिहिलं.

"धीर अजिबात नाही. मायक्रोवेव्ह वाजायची वाट बघणार नाही, त्याच्या आधी दार उघडून मोकळा. सिग्नल हिरवा होतोय न होतोय तोच हा रस्त्याच्या पलीकडे. जर्मन लोक बघत राहतात."

कोचनी पुन्हा लिहिलं. आता जरा भराभर.

"हात स्वस्थ नसतात. जेवताना, बोलताना, अभ्यास करताना, सतत काहीतरी चालू. आणि हात लांब, त्यामुळे टेबलावरचं एकही भांडं सुरक्षित नाही. एक गोष्ट डोक्यात घेतली, की दुसरं काही दिसत नाही. मध्ये माणूस उभा असेल, तर माणूससुद्धा दिसत नाही. पडला, तर लागलंय का बघत नाही, तसाच उठून पुन्हा तेच करायला जातो. आणि खातो किती? तिघांचं खातो. अजून वाढतोय."

मी बघत होते. कोचची लेखणी थांबायला तयार नव्हती. माझ्या मुलाची सहा वर्षं माझ्यासमोर त्या काळ्या पाटीवर एकेक दोष होऊन चालली होती, आणि दोष सांगणारा त्याचा सख्खा बाप होता. माझा संताप अनावर झाला. र्युसेल्सहाइमच्या त्या दुसऱ्या मुलाचा बाप मला दिसू लागला. तो नक्की जर्मन असणार आणि त्याने विशेषणं पाठ केलेली असणार.

हे सगळं मला किती उलटं दिसत होतं, ते नंतर रुद्रने सांगितलं. एज रशरला काय लागतं? समोर जे असेल ते ढकलायची ताकद. चेंडू हलायच्या क्षणाला निघायची घाई. न थांबणारे हात, लांब बाहू, पडून उठायची खोड, आणि अजून वजन वाढेल असं हाड. कोचना जे ऐकायचं होतं, ते सगळं हे एकामागून एक सांगत होते. स्वतः न कळता. रुद्रला ते कळत होतं आणि तो मान खाली घालून बसला होता, कारण वर बघितलं असतं तर त्याला हसू आलं असतं. मला वाटलं, पोर रडतंय.

मग मी मध्ये पडले.

"माझे मिस्टर अर्धंच सांगतात," मी म्हटलं. किटाच्या पद्धतीने, आवाज गोड ठेवून. "रुद्र फार मऊ मनाचा आहे. लहानपणी घसरगुंडीवर स्वतःची पाळी दुसऱ्याला द्यायचा. कुणाला धक्का लागला, की तोच सॉरी म्हणतो, चूक दुसऱ्याची असली तरी. आजपर्यंत त्याने कुणावर हात उगारलेला नाही. कोळीसुद्धा मारत नाही."

कोचची लेखणी थांबली.

मला वाटलं, माणूस भारावला. मी वड्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली आणि पुढे निघाले. शेजारच्या आजींचा धरून चालायचा रोलाटोर हा कसा रोज जिन्यावरून उचलून देतो, शाळेत भांडणं कशी मिटवायचा, त्याला 'श्ट्राइटश्लिष्टर' म्हणून बिल्ला कसा मिळाला होता, म्हणजे भांडणं सोडवणारा. रुद्र आता वर बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि तो अगदी थोडं, नाही नाही, असं डोकं हलवत होता. मला वाटलं, लाजतोय.

"कौतुक पुरे," हे मराठीत पुटपुटले आणि कोचकडे वळले. बायकोने एवढी फुशारकी मारल्यावर तराजू सारखा करणं यांना भागच होतं. "आई आहे, ती असंच बोलणार. मी याची प्रत्येक मॅच ट्रायपॉड लावून शूट केलेली आहे. घरी बसून बघतो. एक मोठा दोष तर मी सांगितलाच नाही. गेल्या जुलैपासून हा शेवटच्या पावलाला थांबतो."

कोच ताठ बसले. "एक्सक्यूज मी?"

"चेंडूवाल्या मुलापर्यंत सगळं ठीक. वेग ठीक, कोन ठीक. पण धडक द्यायच्या वेळी शेवटचं पाऊल आखडतं घेतो. अंगाचा भार टाकत नाही. नुसतं धरतो. जुलैच्या आधीच्या एकाही मॅचमध्ये हे नाही, नंतरच्या प्रत्येक मॅचमध्ये आहे. मी पुन्हा पुन्हा बघितलंय. कारण सापडलं नाही. आळस, दुसरं काय."

"जुलै," कोच हळूच म्हणाले. "मलाही तेच दिसलं. मी समुद्र ओलांडून तेवढ्यासाठीच आलोय, सर. खांद्याला काही झालंय का? कमरेला? डॉक्टरकडे गेला होता का हा?"

रुद्र माझ्याकडे बघत होता. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, आळस. सहा वर्षं अंधारात उठणाऱ्या पोराला, परक्या माणसासमोर, बाप आळशी म्हणतो.

"आळस?" मी म्हटलं. "अहो, आळस काय म्हणता? तुम्हांला काय माहीत आहे? तुम्ही ट्रायपॉडमागे उभे असता."

रुद्र जर्मनमध्ये म्हणाला, "आई, नको ना. प्लीज."

पण मी तोपर्यंत इंग्रजीत सुरू झाले होते. जुलैच्या मॅचमध्ये रुद्रने शेजारच्या गावच्या योनास नावाच्या मुलाला आडवं केलं होतं. नियमात बसणारी धडक, पंचाची शिट्टीसुद्धा वाजली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. योनासचा गुडघा फिरला आणि तो उठला नाही. ऑपरेशन झालं, मग कुबड्या, मग रेहाचे व्यायाम, आणि आता तो पुन्हा खेळणार की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. रुद्र त्याला पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेला. मग दर रविवारी त्याच्या घरी जायला लागला, रेजिओनालबानच्या लोकल गाडीने. आधी त्याच्या आईने दार उघडून फक्त बघितलं. आता ती याला केक बांधून देते. यांना वाटायचं, मुलगा रविवारी लायब्ररीत जातो.

"आळस नाहीये तो," मी कोचना म्हटलं. "माझा मुलगा धावत जातो आणि शेवटच्या पावलाला त्याला योनास आठवतो. मला त्याचा अभिमान आहे. हे तुमच्या बलस्थानांत लिहा."

मी हे बोलले आणि बरं वाटलं. वीस वर्षांत या घरात मुलाच्या कौतुकाचं एवढं मोठं वाक्य कुणी बोललं नव्हतं.

हे रुद्रकडे बघत होते. पुन्हा पुन्हा बघूनही ज्याचं कारण सापडलं नव्हतं, तो दोष आता यांच्यासमोर शर्ट घालून बसला होता. आम्हां दोघांना मुलाचं अर्धं अर्धं माहीत होतं. यांना पाऊल, मला रविवार. इतके महिने एका टेबलावर जेवून आम्ही ते एकमेकांना सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तर कुणासमोर सांगितलं.

कोचनी टॅबलेट बाजूला ठेवला. मला वाटलं, आता उठतील. रुद्रलाही तसंच वाटलं असावं, कारण तो खुर्चीत आक्रसून बसला होता. एवढा मोठा मुलगा, पण त्या क्षणी तो कुठल्याही कोपऱ्यात मावला असता.

कोचनी एक लांब निःश्वास सोडला आणि चक्क हसले.

"थँक गॉड," ते म्हणाले. "मला वाटत होतं, कंबर गेली. कंबर गेली असती तर मी काही करू शकलो नसतो. किंवा हा घाबरतोय. घाबरणाऱ्याचंही अवघड असतं. हे तर काहीच नाही, मॅम." ते माझ्याकडे झुकले. त्यांचा आवाज खरोखर मायाळू होता, दाताचे डॉक्टर बोलतात तसा. "असा एखाद-दुसरा मुलगा दर वर्षी येतो. चांगल्या घरची मुलं असतात. आम्ही ते एका सीझनमध्ये काढून टाकतो. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

मी काळजी करत नव्हते. ते म्हणेपर्यंत.

मग ते रुद्रकडे वळले. वडिलांनी जे जे सांगितलं, ते सगळं मला हवं आहे, असं म्हणाले. इतक्या बारकाईने आणि इतक्या प्रामाणिकपणे मुलाबद्दल सांगणारा बाप आजवर भेटला नाही, असंही म्हणाले. हे चोरट्यासारखे खाली बघत राहिले. "जागा तुझी आहे, सन. उन्हाळ्यात ये. फक्त एक सांग. ते शेवटचं पाऊल आपण दुरुस्त करणार आहोत. तुझी तयारी आहे?"

"येस, सर," रुद्र म्हणाला.

क्षणाचा विलंब नाही. चेंडू हलल्यावर निघतो, तसाच.

मला काय वाटलं, ते सांगते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, खोटं कशाला बोलू. माझ्या मुलाला हवं ते मिळालं होतं. पण रोज सकाळी किटात मी दुसऱ्यांच्या मुलांना हेच शिकवते, की कुणी पडलं तर थांबायचं, वळून बघायचं, हात द्यायचा. कितीतरी जणांना ते सहा वर्षांचे होईपर्यंत जमत नाही. माझ्या मुलाला ते न शिकवता आलं होतं. आणि आता एक सज्जन माणूस माझ्याच घरी, माझ्याच हातच्या वड्या खात, ते दुरुस्त करून द्यायचं आश्वासन देत होता, आणि मुलगा येस सर म्हणत होता. नकार द्यावा तर कशाला, आणि कुणाच्या वतीने? जागा माझी नव्हती, पाऊलही माझं नव्हतं.

मी म्हटलं, "अजून वडी घ्या."

त्यांनी घेतली. जाताना डबाही मागून घेतला. बूट घालता घालता त्यांनी र्युसेल्सहाइमला फोन लावला आणि येत नसल्याचं सांगितलं. फोनवर बाईचा आवाज होता. तिनेही फरश्या घासल्या असतील.

दार लागलं आणि रुद्रने यांना उचललं. खरोखर जमिनीवरून उचललं.

"खाली ठेव, कंबर जाईल," हे म्हणाले. "माझी. तुझ्या कमरेची काळजी करायला आता अमेरिका आहे."

"बाबा, तुम्ही भन्नाट बोललात," रुद्र म्हणाला. "मी शिकवलेल्यापेक्षा भारी. ते दार, ते मायक्रोवेव्ह. त्यांना वाटलं, तुम्ही ठरवून बोलताय."

"मी खरं तेच बोललो," हे म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

मी फोन घेऊन घरच्या ग्रुपवर लिहायला बसले. पुण्याला नणंदेला, मुंबईला भावाला, सगळ्यांना एकदम कळवायचं होतं. काय लिहावं, ते मात्र सुचेना. 'रुद्र अमेरिकेला चालला' एवढंच लिहिलं आणि त्याच्यापुढे एक फूल टाकलं.

"पाठवू नकोस," रुद्र म्हणाला. तो दारात वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. शर्ट काढून त्याने हुडी घातली होती.

"का रे? कुठे चाललास?"

"योनासकडे. आज शनिवार आहे माहीत आहे मला, पण आजच जायला हवं. तो फोनवर कुठेतरी वाचेल, त्याच्या आत मला सांगायचंय." तो उठला. बोलताना तो आमच्याकडे बघत नव्हता. "तो मला अमेरिकेच्या मॅचेस दाखवायचा, हॉस्पिटलमध्ये. त्यालाही जायचं होतं ना. मी कसं सांगू, ते मला अजून कळत नाहीये. पण मीच सांगणार. वड्या उरल्यात का? त्याच्या आईला आवडतील."

मी उरलेल्या वड्या बांधून दिल्या. फूल पुसलं, वाक्य पुसलं. तो जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरला, त्याचा आवाज वरपर्यंत आला. मग खालचं दार ढकलल्याचा आवाज.

हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला गेले. बाहेर जानेवारीतलं राखाडी आकाश होतं आणि आमचा मुलगा डबा छातीशी धरून रेल्वे स्टेशनच्या दिशेने पळत होता. हे त्याच्याकडे बघत होते ते मॅचमध्ये बघतात तसे, डोळे बारीक करून, कुठे चुकतंय ते शोधत.

"विभा, तो कोच फसला बघ," हे म्हणाले. आवाज अगदी तक्रारीचा. "एका सीझनमध्ये म्हणे. हा दोष जन्मात निघायचा नाही."

"कशावरून?" मी विचारलं.

"अगं, एकोणीस वर्षं याचे दोषच बघतोय मी," हे म्हणाले. "मला कळणार नाही, तर कुणाला कळणार?"